उपटलेला मोगरा आणि न्यायाची रीत

गृहसंकुलाच्या आवारात पावसाळ्यापूर्वी साफसफाई निघते. ठेकेदाराचा मजूर कुदळ चालवतो आणि कुणी वर्षानुवर्षे जोपासलेला मोगरा तणाबरोबर कचऱ्याच्या गाडीत जातो. वाचकहो, हे आपल्या बाबतीत घडले तर आपली वागणूक कशी असावी?

लोकांची उत्तरे साधारणतः दोन असतात. एक म्हणतो, एवढ्याशा झुडपासाठी काय रडायचे? दुसरा म्हणतो, त्या मजुराला आजच कामावरून काढा. इस्लामची शिकवण या दोहोंपेक्षा वेगळी आहे.

प्रथम हे समजून घ्या की हानी खरी आहे. श्रद्धावंताने लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने वा जनावराने जे खाल्ले, ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. जे पुण्याचे साधन आहे, त्याला क्षुल्लक कसे म्हणावे? मात्र त्याच शिकवणीत दिलासाही आहे. झाड उपटले गेले तरी जे पुण्य नोंदले गेले, ते कोणतीही कुदळ उपटू शकत नाही.

आता न्यायाचा प्रश्न. चुकून झालेल्या नुकसानीचे पाप लागत नाही, पण भरपाई टळत नाही, हे इस्लामी विधिशास्त्राचे तत्त्व आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल्-अंबियामध्ये (आयत ७८-७९) एक खटला येतो. रात्री काही लोकांची मेंढरे दुसऱ्याच्या शेतात शिरली. भाष्यकार सांगतात की ह. दाऊद (अ.) यांनी मेंढरे शेतमालकाला देवविली. ह. सुलैमान (अ.) यांनी सुचविले की शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढरांचे दूध व लोकर शेतमालकाने घ्यावी आणि तोवर मेंढपाळाने शेत कसावे, मग ज्याचे त्याला परत मिळावे. अल्लाहने स्पष्ट केले की या निवाड्याची समज त्याने सुलैमान (अ.) यांना दिली, आणि ज्ञान व विवेक दोघांनाही बहाल केला होता. पहा, या निवाड्यात कुणीही उद्ध्वस्त होत नाही. जे मोडले, ते पुन्हा उभे राहते.

मग भरपाई कुणाकडून? तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीचा जाब द्यावा लागेल, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. रोजंदारीच्या मजुराला काय ठेवावे नि काय काढावे हे कुणी दाखविलेच नसेल, तर जाब प्रथम काम देणाऱ्यांनी द्यावा. सामाईक जागेत कुणालाही न विचारता रोप लावणाऱ्यानेही स्वतःला विचारावे की ती जागा आपली होती काय?

हक्क सिद्ध झाल्यावरच क्षमेला अर्थ येतो. सूरह अश्-शूरा (आयत ४०) अन्यायाची तेवढ्यापुरतीच परतफेड मान्य करते आणि क्षमा करून समेट घडविणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे असल्याचे सांगते. परंतु क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे. ज्यांच्या हातून हानी झाली, त्यांनीच 'माफ करा, सोडून द्या' म्हणत जबाबदारी झटकणे, ही क्षमा नव्हे.

म्हणून वाचकहो, आपला हक्क सभ्यपणे मांडा, गरिबाच्या भाकरीवर राग काढू नका, शक्य असेल तर क्षमा करा. आणि रिकाम्या आळ्यात पुन्हा रोप लावा. हातात रोप असताना कियामत आली, तरी शक्य असल्यास ते लावून टाकावे, असे प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. आपल्यापुढे तर अजून एक संपूर्ण पावसाळा आहे.