माळ आणि गळा

पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ११० व्या मराठा पलटणीचा एक शिपाई होता, सातारा जिल्ह्यातला. घरातून निघताना आईनं त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. "हिला जप," एवढंच ती बोलली होती.

डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज टायग्रिसच्या वळणात अडकली. सोडवायला निघालेल्या फौजांना तुर्कांनी वाटेतच अडवलं. जवाच्या पिठाचा शिधा घटत गेला आणि घोडे कापून त्यांचं मांस वाटायची वेळ आली. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसंच मुसलमानांनी, ते नाकारलं. मायदेशातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी कितीतरी जण बधले नाहीत. त्यांना हट्टी म्हणवत नाही. घरदार दूर राहिलं, पत्रं थांबली. घरचं असं जवळ उरलं होतं ते खाण्यापिण्याचं हे व्रतच.

माळ जपणारा हा शिपाईही त्यांतलाच. त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. उठवेना. तेव्हा हवालदार त्याच्यापाशी येऊन बसला.

"पोरा, आईनं माळ तुझ्या गळ्यासाठी घातली. गळाच राहिला नाही, तर माळ कुठं ठेवशील?"

हवालदार स्वतः माळकरी. त्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं, पहिला घास आपण खाल्ला आणि दुसरा पोराच्या तोंडाशी धरला.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं. कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं. पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हवालदार वाटेतच गेला.

१९१९ साली शिपाई घरी परतला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आये, म्यां घोड्याचं मांस खाल्लंय."

गावात प्रायश्चित्ताची कुजबुज झाली. आईनं कुणाचं ऐकून घेतलं नाही. तिनं लेकाला हाताला धरून आत घेतलं, जेवू घातलं, मग विचारलं, "तुला घास भरवला त्यो मानूस कुठला?"

"माणदेशातला."

आषाढीला ती माउलींच्या पालखीबरोबर निघाली, पण फलटणला दिंडी सोडून माणदेशाच्या वाटेला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिची पंढरी चुकली. हवालदाराच्या दारी पोचल्यावर त्याच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवून ती म्हणाली, "बाई, तुमच्या मालकांनी माझं लेकरू जगवलं."