आवृत्ती पहिली

रोह्याजवळच्या वरसे गावात एका रद्दीवाल्याकडे मला बाबूराव अर्नाळकरांची एक झुंजारकथा सापडली. किंमत बारा आणे! बँकेतल्या कारकुनाचं लक्ष आधी आकड्याकडेच जातं. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे पुस्तक त्याआधीचं. इयान फ्लेमिंगच्या हेरकथेची, ‘कॅसिनो रोयाल’ची, १९५३ सालची पहिली आवृत्ती साहेबाच्या देशात लाखांत जाते. हजारावर रहस्यकथा लिहिणारे आमचे बाबूराव मात्र वीस रुपये किलो!

पुस्तक गुपचूप तराजूत टाकलं की काम झालं असतं. पण काउंटरवर कुणी एक नोट जास्त दिली तर आपण परत करतोच ना? मग इथे गप्प बसणं म्हणजे काय? उलट, ओळखण्याची विद्या माझी. तिची मजुरी मला नको? अशी दोन्ही बाजूंची वकिली करून शेवटी मी म्हणालो, “भाऊ, ही पहिली आवृत्ती दिसतेय. दुर्मीळ असते.”

“असं? मग तीनशे द्या, साहेब.”

दिले. प्रामाणिकपणाचा आनंद घरापर्यंत टिकला. तिथे सौ.ने एक चिकटलेलं पान सोडवलं. त्यावर छापलेलं होतं : आवृत्ती दुसरी.

आण्यांवरून काळ कळतो, आवृत्ती नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. तेव्हापासून एकच शंका छळते : त्या दिवशी बोलला तो माझा प्रामाणिकपणा, की विद्वत्ता मिरवण्याची हौस? रद्दीवाल्यालाच विचारावं म्हणतो. पण तो सल्ल्याचेही पैसे लावील.