केर्ली फाटा

डोळे अलगद मिटा. श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

आपण कोल्हापुरातून निघालोय. पंचगंगेवरचा शिवाजी पूल मागे पडलाय. आता केर्ली फाटा.

एक वाट जोतिबाच्या डोंगराला जाते, दुसरी पन्हाळ्याकडे. आपल्याला जोतिबाला जायचंय. आणि समजा, पाटी नाही.

थांबा. घाई नाही.

फाट्यावर दोघे म्हातारे बसलेत. एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं. कोण कसा, ठाऊक नाही. प्रश्न एकच विचारायचा.

त्यांच्याकडे नुसतं बघा. दोघांच्या कपाळावर गुलाल, सुरकुत्यांत साठलेला. दोघांच्या ओठांवर चांगभलं.

‘तुम्ही खरं बोलता ना?’ असं विचारलं, तर दोघंही हो म्हणतील.

ते दोन होकार ऐका. एकसारखेच.

श्वास घ्या. सोडा.

आता खरा कोण, हे शोधायचंच सोडून द्या. तो हट्ट खाली ठेवा.

कुणाही एकाजवळ जा. हळू विचारा, “मामा, जोतिबाची वाट कुठली, असं मी त्या मामांना विचारलं, तर ते कुठं बोट दाखवतील?”

बोट उठतं. पन्हाळ्याच्या वाटेकडे.

त्या बोटाकडे बघत राहा. खरं बोलणारा दुसऱ्याचं खोटं जसंच्या तसं सांगतो. खोटं बोलणारा दुसऱ्याचं खरं उलटवतो. खोटं एकदाच मिसळतं, पण हमखास. कुणालाही विचारा, बोट तिकडेच.

म्हणून आपण बोट नाही ती वाट धरतो.

खोटं बोलणाऱ्याकडेही मायेने बघा. तो चुकूनही खरं बोलत नाही, म्हणून तर त्याच्यावर विसंबता येतं.

आता आत वळा. तिथे एक तिसरा बसलाय. लहर येईल तसं बोलणारा.

तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या तीन देवांच्या कोड्यात असाच एक लहरी देव आहे. प्रश्न तीनच. बूलोस यांच्या उत्तरात पहिला प्रश्न खर्ची पडतो तो लहरी नसलेला एक देव हेरण्यासाठी. तो खरा की खोटा, ते नंतर.

आपणही आज एवढंच करू. आतले आवाज ऐकू. रोज बदलतो तो कोणता? दरवेळी तेच सांगतो तो कोणता?

कदाचित तो भित्रा असेल. प्रत्येक वेळी ‘जमणार नाही’ म्हणणारा. आणि प्रत्येक वेळी खोटा ठरलेला.

तरी चालेल. त्यालाच विचारा.