अजून कोण यायचे आहे?

प्रभुभोजनाच्या आधी पाळक पाच-सात मिनिटांचे चिंतन करतात आणि त्यात रोजच्या जगण्यातले एखादे उदाहरण हमखास असते. पेरलेला दाणा मातीत मरतो तेव्हाच कणीस धरते. आई स्वतः अर्धपोटी राहून लेकरांच्या ताटात वाढते. कुणीतरी कर्ज फेडले की सातबारा कोरा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, ज्याला बोलताना अजूनही सगळे नगरच म्हणतात त्या जिल्ह्यातल्या, कष्टकरी मंडळ्यांना ही उदाहरणे चटकन भिडतात. त्यांतले एकही खोटे नाही. मात्र सगळ्यांचा रोख एकाच बाजूला असतो. ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत, आपले पाप आठवावे, क्षमा मागावी, भाकरीचा तुकडा आणि प्याला घ्यावा आणि हलक्या मनाने घरी जावे. शेजारी कोण बसले आहे, आज कोण आलेले नाही आणि का आलेले नाही, हे त्या पाच-सात मिनिटांत येतच नाही. माझे म्हणणे असे की प्रभुभोजनाचे चिंतन खरे तर याच प्रश्नांपासून सुरू व्हायला हवे. शास्त्राचा आधारही त्यालाच आहे, आणि या जिल्ह्याचा इतिहास व आजचे जगणे तेच मागते आहे.

प्रभुभोजनाचे सर्वांत जुने लिखित वर्णन पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इ.स. ५५च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे मानले जाते. उपासनेत त्यातला उतारा वाचला जातो तो बहुधा तेविसाव्या वचनापासून. सतरा ते बावीस ही वचने बाजूला राहतात, आणि सगळे भांडण तर त्यांतच आहे. करिंथच्या मंडळीत हा विधी प्रत्यक्ष जेवणाच्या सोबतीने होत असे. त्या जेवणात एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई, असे पौल स्पष्ट लिहितो. अभ्यासकांनी यावरून उभे केलेले चित्र पटण्याजोगे आहे: सवड असलेली खात्यापित्या घरची माणसे लवकर येऊन खाऊन घेत, आणि ज्यांचा दिवस मालकाच्या हाती होता ते दास व मजूर पोचेपर्यंत भांडी रिकामी झालेली असत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता, हा पौलाचा संताप आहे. त्याच ओघात तो प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगतो, आणि शेवटी उपाय सांगतो तो अगदी व्यवहारातला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. अयोग्य रीतीने भाकर खाल्ली तर दंड ओढवतो, हे भय पिढ्यान्‌पिढ्या भाविकांच्या मनात बसले आहे. त्यापायी काही जण वर्षानुवर्षे मेजाजवळ जात नाहीत. ज्या अपराधावरून ही ताकीद आली, तो होता उशिरा येणाऱ्या मजुराचा अपमान. संदर्भ सुटला आणि ताकीद तेवढी राहिली, म्हणून आत्मपरीक्षण एकट्याचे, खासगी होऊन बसले.

नगरला तर याची आठवण अधिक हवी, कारण इथे प्रभुभोजनाने एकेकाळी समाजाच्या वर्मावरच बोट ठेवले होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले. १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. सुरुवातीच्या मंडळीत हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण होते, आणि पुढे खेड्यापाड्यांतून जे शेकडो कुटुंबांनी आले ते मुख्यतः महार समाजातले. या दोघांच्या मध्ये एक भाकर आणि एक प्याला आला. आज त्याचा धसका कळणार नाही. एकाने ओठ लावलेला प्याला दुसऱ्याने ओठाला लावायचा, म्हणजे उष्टे प्यायचे. आणि पहिला पिणारा असा की ज्याची सावलीही नको. प्रवचन ऐकायला लांब बसून चालत होते, प्रार्थनेत शेजारी उभे राहूनही कदाचित निभावले असते. प्याल्यापाशी पळवाट नव्हती. दक्षिणेतल्या काही मंडळ्यांनी ती काढली होती: बसण्याच्या जागा वेगळ्या आणि प्रभुभोजनाचा क्रमही वेगळा. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद मंडळीबाहेर ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा मद्रासकडच्या कित्येकांनी मंडळीच सोडली. देव एक मानणे सोपे गेले, प्याला एक मानणे जड गेले. पुढे, १८९०च्या दशकात, अमेरिकेत जंतुसंसर्गाच्या भीतीने प्रत्येकाला छोटा वेगळा प्याला देण्याची पद्धत निघाली आणि ती इथेही आली. आरोग्याच्या दृष्टीने ती योग्यच आहे आणि ती बदलावी असे मी म्हणत नाही. पण जी परीक्षा प्याला आपसूक घेत होता, ती आता चिंतनाने जाणीवपूर्वक घ्यायला हवी, एवढे यातून निघते.

ही परीक्षा किती अवघड होती, याचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याजवळ आल्या, त्या स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवूनच. धर्मग्रंथातली कुठलीही शिकवण पटण्याआधी त्यांना झुंजावे लागले ते चूल आणि घागर यांच्याशी. विशेष असे की जातीचा विचार त्यांनी मनातून काढला तो बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतःच्या विचाराने; १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा ती गाठ सुटलेली होती. बाई ज्या क्रमाने गेल्या तोच क्रम पौलाचा आहे. माणसांमधली भिंत आधी, मग मेज. आपण तो उलटा केला: मेजाजवळ गेलो म्हणजे भिंत पडलीच, असे गृहीत धरले.

ती पडली नाही, याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. महारवाड्याच्याही खाली मांगवाडा होता आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ही पायरी आपोआप पुसली गेली नाही. मंडळ्यांमध्ये रोटीबंदी सुटली, पण सोयरीक जुळवताना पूर्वीची जात अजून हळूच विचारली जाते. नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात सांगितले होते. १९३८च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयी आदर व्यक्त केला आणि त्याच भाषणात दोषही दाखवला: सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी भारतीय ख्रिस्ती समाज एक समाज म्हणून कधी लढला नाही. ही टीका बाहेरच्या माणसाची म्हणून झटकता येणार नाही. नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात वडाळा मिशनचे जुने ठाणे आहे, आणि त्याच तालुक्यातल्या सोनईला जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांची हत्या झाली. नाशिकच्या न्यायालयाने त्या खटल्यात २०१८ मध्ये शिक्षा सुनावल्या. सोनईनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनात तालुक्यातल्या मंडळ्यांपुढे काय ठेवायला हवे होते? मला वाटते, अकराव्या अध्यायाचे सतरावे वचन.

आता आजच्या जगण्याकडे येऊ. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०च्या सुमारास उभा राहिला. राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर हा पाण्याचा आणि उसाचा पट्टा; पाथर्डी, शेवगावचा बराचसा भाग आणि जामखेड हे दुष्काळाचे तालुके. दिवाळीच्या आगेमागे दुष्काळी तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. तो ऊस तोडतो, ती पाचट साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. पहाटे अंधारात फडात जायचे. ट्रक रात्री आला तर रात्रीही भरायचा. रविवार त्यांच्या कॅलेंडरात नाही, आणि एक दिवस चुकला तर खाडा पडून उचलीचा बोजा वाढतो. पाचटाच्या कोपीत लेकरे, आणि शाळा मागे गावी. हे मार्च-एप्रिलपर्यंत चालते. नाताळ, नवे वर्ष, उपवासकाळ सगळे याच काळात येतात, आणि कधी कधी पुनरुत्थानाचा सणही. करिंथमध्ये उशिरा येणारा जो होता, तो नगर जिल्ह्यात हा आहे. फरक इतकाच की करिंथचा मजूर उशिरा का होईना, पोचत तरी होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: प्रभुभोजन हा पवित्र संस्कार आहे, त्यात मजुरीचे दर आणि मुकादम आणू नका, मंडळीत माणूस देवाला भेटायला येतो. या आक्षेपामागची कळकळ मी मानतो. क्षमेवाचून माणूस उभा राहू शकत नाही, आणि ज्याचे मन आठवडाभर अपराधाने पोखरले आहे त्याला मेजापाशी विसावा मिळायलाच हवा. पण मेजावर जे ठेवले आहे ते काय आहे, हेही पाहावे. कॅथलिक मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना त्यांत माणसाचे कष्ट आहेत हे उच्चारून सांगितले जाते. ज्यात कुणाचे तरी कष्ट आहेत ते उचलून धरायचे आणि कष्ट करणाऱ्याचे नाव निघाले की ते अपवित्र मानायचे, हे जुळत नाही. वैयक्तिक पापाचा विचार यामुळे सुटेल ही भीतीही अनाठायी आहे. ‘मी कोणासाठी थांबलो नाही’ हा प्रश्न अत्यंत वैयक्तिक आहे. उलट ‘मी पापी आहे’ असे मोघम म्हणून सुटका करून घेणे फार सोपे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. ऊसतोड कामगारांत ख्रिस्ती असे किती? बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन देता येत नाही, मग त्यांचा या चिंतनाशी संबंध काय? मेजाची मर्यादा कुठे आखायची यावर मंडळ्यांचे मतभेद आहेत. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले यांना एकत्र आणण्याचेच धाडस त्यांनी केले. ते सर्वांना मानवले नाही, आणि मीही मर्यादा पुसा असे म्हणत नाही. मेजाजवळ कोणी यावे हा एक प्रश्न आहे. मेजाजवळ येणाऱ्याने कोणाची आठवण ठेवावी, हा दुसरा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर याने रोममधल्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात दोन गोष्टी लागोपाठ येतात. जे हजर नाहीत त्यांच्यासाठी सेवक भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात; आणि त्याच सभेत जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांच्यासाठी जात असे. म्हणजे मंडळीतल्या गैरहजर माणसाकडे भाकर जाई आणि मंडळीबाहेरच्या गरजूकडेही हात पोचे, आणि दोन्ही एकाच उपासनेचे भाग होते.

आमची मंडळी लहान, स्वतःच गरीब. साखरेच्या एवढ्या मोठ्या अर्थकारणापुढे ती काय करणार, असेही विचारले जाते. पण ज्या नगरने १८७६-७७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पाहिले आणि त्या काळात मिशनच्या आवारात अनाथ मुलांना आसरा मिळालेला पाहिला, त्या नगरच्या मंडळीने तरी हे म्हणू नये. पोटासाठी बाटले, असा टोमणा त्या पिढीने ऐकला. तो खोडून काढण्यात बरीच शाई खर्च झाली. माझ्या मते त्याची गरज नव्हती. भुकेल्याला जिथे भाकर मिळाली तिथे तो देवाला ओळखायला शिकला, यात लाजण्यासारखे काही नाही. अडाणीपणा, कर्ज आणि स्थलांतर यांतून या मंडळ्यांतली कित्येक घराणी दोन-तीन पिढ्यांत बाहेर आली, शिक्षक झाली, परिचारिका झाली, शहरांत गेली. आता मेजापाशी लवकर येणारे आपण आहोत.

म्हणून वडीलमंडळांना आणि पाळकांना एक विनंती. यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधीच्या प्रभुभोजनाला अकरावा अध्याय सतराव्या वचनापासून वाचा. दुष्काळी तालुक्यांतल्या मंडळ्यांनी आपली कोणती कुटुंबे कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेली आहेत याची यादी करून तिथल्या मंडळीला कळवावी. उसाच्या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी त्या कुटुंबांकडे प्रभुभोजन घेऊन जावे, रात्री जावे लागले तर रात्री. कोप्यांवर गेल्यावर धर्म न विचारता लेकरांच्या शाळेची, बाळंतिणीच्या औषधाची, खाड्याच्या हिशेबाची चौकशी करावी आणि जमेल ती मदत करावी. खर्चासाठी त्या रविवारची वर्गणी पुरेल तेवढी वापरा, उरलेले मागून घ्या.