असणें आणि वापरणें

सन २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यांत मी महाविद्यालयांतून रजा घेऊन इंग्लंडांत रेडिंग या गांवीं माझ्या पुतण्याकडे राहावयास गेलों होतों. विमानतळावर माझी बॅग ठेवण्यासाठीं त्यानें मोटारीची डिकी उघडली, तेव्हां आंत एक काळी पिशवी आड येत होती; ती त्यानें कोपऱ्यांत सारली. पिशवीवरचें प्लॅस्टिकचें वेष्टन अद्याप फोडलेलें नव्हतें. आंत काय आहे म्हणून विचारतां तो म्हणाला, "गाडी चार्ज करायची केबल आहे, काका." गाडी त्याच्याकडे येऊन चौदा महिने झाले होते.

ही मोटार 'प्लग-इन हायब्रिड' या जातीची. ज्यांस तिचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. साध्या हायब्रिड मोटारींतील बॅटरी लहान असते, व ती गाडी चालतांनाच इंजिनावर आणि ब्रेक लावतां वांया जाणाऱ्या शक्तीवर भरते. घरच्या विजेशीं तिला कांहीं कर्तव्य नसतें. प्लग-इन जातींत ही बॅटरी मोठी, म्हणजे बहुधा दहा ते वीस युनिटें वीज मावेल एवढी असते, आणि ती रात्रीं घरच्या विजेवर भरून ठेवावयाची असते. तशी ती भरली तर पहिले पन्नास-साठ किलोमीटर गाडी नुसत्या विजेवर चालूं शकते. बॅटरी संपली कीं पेट्रोलचें इंजिन पुढचा भार उचलतें. चीनमध्यें बीवायडी कंपनीनें २००८ च्या अखेरीस, आणि अमेरिकेंत शेव्हरोले कंपनीनें 'व्होल्ट' या नांवानें २०१० च्या अखेरीस अशा गाड्या बाजारांत आणल्या. कल्पना मोठी शहाणपणाची आहे. आपल्या धर्मशास्त्रानें कर्मांची नित्य आणि नैमित्तिक अशी वांटणी केली. या गाडीनें प्रवासाची तशीच वांटणी केली आहे. रोजच्या नोकरीच्या फेरीस वीज, आणि वर्षांतून दोनचार वेळां घडणाऱ्या दूरच्या प्रवासास पेट्रोल.

माझ्या पुतण्याची परिस्थिति तर या कल्पनेस जणूं मापून केलेली. घरापासून कचेरी बारा मैल. जाऊन येऊन चोवीस. गाडीची विजेवरची धांव कागदोपत्रीं तीस मैलांची. घरापुढें गाडी उभी करण्यास स्वतःची जागा, आणि तेथून दोन हातांवर विजेचा प्लग. असें असून चौदा महिने ती गाडी केवळ पेट्रोलवर चालली होती. आणि बॅटरी व मोटर यांचें दोनएकशें किलोचें ओझें पाठीवर वाहून ती साध्या पेट्रोल गाडीपेक्षां कांहीं अधिकच पेट्रोल पीत असावी. पुतण्या बेफिकीर आहे असेंही म्हणवत नाहीं. घरांतला कचरा तो तीन डब्यांत निवडून टाकतो, आणि पृथ्वीच्या तापमानवाढीविषयीं त्याला माझ्यापेक्षां पुष्कळ अधिक माहिती आहे. मीं कारण विचारलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, "काय सांगूं काका, कळतें पण वळत नाहीं."

त्याचा दोष एकट्याचा असता तर त्यावर निबंध लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु कचेरीनें दिलेल्या अशा गाड्यांच्या केबली वेष्टनांतच पडून राहतात, ही बातमी ब्रिटनमध्यें २०१८ सालींच प्रसिद्ध झाली होती. पुढें २०२२ सालीं युरोपांतील सुमारें नऊ हजार गाड्यांच्या माहितीवरून एका संशोधनसंस्थेनें हिशेब मांडला. सरकारी चाचणीप्रमाणें ज्या गाड्यांस शंभर किलोमीटरला दीडपावणेदोन लिटर पेट्रोल पुरावें, त्यांस खाजगी मालकांच्या हातीं चार ते साडेचार लिटर लागत होतें, आणि कचेरीच्या गाड्यांस साडेसात ते साडेआठ. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें सव्वादोन किलो कार्बन-डाय-ऑक्साइड हवेंत जातो. तेव्हां हा फरक क्षुल्लक नव्हे. युरोपियन कमिशननें २०२४ च्या मार्च महिन्यांत प्रत्यक्ष गाड्यांतील मापकांवरून जो अहवाल दिला, त्यांतही रस्त्यावरचें प्रमाण चाचणीच्या प्रमाणाच्या साडेतीनपट निघालें.

येथें कोणी म्हणेल कीं यंत्र करणाऱ्यांनीं लबाडी केली. परंतु खरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. चाचणी करतांना अशा गाडीचीं दोन मापें घेतात: एक बॅटरी भरलेली असतांनाचें, दुसरें रिकामी असतांनाचें. दोन्ही मापें खरीं असतात. पण छापावयाचा आंकडा एकच हवा. म्हणून कायद्यानें असें गृहीत धरलें कीं ज्या गाडीची विजेवरची धांव जितकी लांब, तितका तिच्या एकंदर प्रवासाचा मोठा भाग विजेवर होईल. म्हणजे मालक ती नेमानें भरील. या गृहीताला एक गुणक दिला, आणि त्या गुणकानें दोन्ही मापांची सरासरी काढली. तेव्हां जो आंकडा खोटा ठरला तो इंजिनासंबंधींचा नव्हता. तो मनुष्यस्वभावासंबंधींचा होता. कायद्याच्या पोटांत नीतिशास्त्रांतला एक सिद्धान्त लपलेला होता, तो असा कीं ज्याच्यापाशीं चांगलें साधन आहे तो तें वापरतोच. युरोपांत २०२५ पासून नव्या नमुन्यांसाठीं हा गुणक उतरविला आहे; म्हणजे मनुष्याविषयींचें मत सरकारनें राजपत्रांत दुरुस्त केलें आहे.

या मताची चूक अॅरिस्टॉटलनें फार पूर्वीं दाखविली होती. सद्गुण जवळ असणें आणि सद्गुणाचा व्यापार चालूं असणें यांत अंतर आहे, असें त्याचें म्हणणें. झोंपलेल्या मनुष्याच्या ठायींही सद्गुण असूं शकेल, पण त्यापासून कांहीं निपजत नाहीं. आणि ऑलिंपियाच्या मैदानांत मुकुट मिळतो तो सर्वांत बलवानास नव्हे, तर जे स्पर्धेंत उतरतात त्यांतील विजेत्यास. ब्रिटनमध्यें कचेरीच्या गाडीवरील कर अशा गाड्यांस बराच कमी बसतो, आणि विजेवरची धांव जितकी लांब तितका तो उतरतो. हा मुकुट मैदानांत न उतरतांच मिळालेला आहे.

इतकें सारें मीं पुतण्यास एका रविवारीं ऐकविलें. शिक्षकाची खोड! त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "मग काका, तुम्ही आहांत तोंवर केबल तुमच्याकडे." मीं ती जबाबदारी पत्करली. वेष्टन फोडलें, आणि रोज संध्याकाळीं गाडी दारांत आली कीं तार जोडूं लागलों. काम अर्ध्या मिनिटाचें. साध्या प्लगवर बॅटरी पांचसहा तासांत भरे. पूर्वीं दर पंधरवड्यास टाकी भरावी लागे. आतां महिन्याभरांत एकदांच पेट्रोल घेतलें, तेंही आम्ही सर्व मिळून वेल्समध्यें गेलों तेव्हां. अतिशय थंडीच्या सकाळीं मात्र इंजिन आपोआप सुरू होई, आणि कडाक्याच्या दिवसांत विजेवरची धांव चोवीस मैलांवर येऊन टेके. तरी एकंदरींत गाडीनें आपलें वचन पाळलें. ब्रिटनमधील कोळशावरचें शेवटचें वीजगृह त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं बंद झालें होतें, त्यामुळें तारेंतून येणाऱ्या विजेंतही कोळसा नव्हता. आपल्याकडे अद्याप सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते. तेव्हां हीच तार येथें जोडली तर हवेचा लाभ तेवढा पदरांत पडणार नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

माझा विजयोत्सव मात्र फार दिवस टिकला नाहीं. महिनाअखेरीस सूनबाई विजेचा हिशेब पाहत बसली होती. ती म्हणाली, "काका, रागावूं नका, पण पेट्रोल कंपनीच्या कार्डावर जातें, वीज आपल्या बिलावर येते. या महिन्यांत पंचावन्न पौंड जास्त झाले आहेत." मी निरुत्तर झालों. ज्या गोष्टीस मी चौदा दिवस इच्छाशक्तीचें दौर्बल्य म्हणत होतों, ती निदान अर्धी तरी घरच्या अर्थशास्त्राची गोष्ट होती. सत्कृत्याचा खर्च ज्याच्या खिशांतून आणि दुष्कृत्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशांतून, अशी व्यवस्था लावून मग मनुष्य वळत नाहीं म्हणून त्याला उपदेश करणें हें उपदेशकाला सोपें असतें. वर सांगितलेल्या हिशेबांत खाजगी मालक आणि कचेरीचे चालक यांच्यांत जें जवळजवळ दुपटीचें अंतर दिसतें, तें हेंच. खाजगी मालक कांहीं अधिक पुण्यवान् नसतो; तो पेट्रोलचे पैसे स्वतः देतो. अमेरिकेंत २०११ ते २०१३ या काळांत एका मोठ्या पाहणींत व्होल्टच्या मालकांनीं एकंदर अंतरापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश अंतर विजेवर कापलेलें आढळलें. त्या योजनेंत भाग घेणाऱ्यांच्या घरीं चार्जर बसवून देण्यांत आले होते. यंत्राची जात तीच. पैसा कोणाचा आणि तार किती हाताशीं, एवढाच फरक.

यावर एक कठोर उपाय सुचविला जातो. पेट्रोलचें इंजिन काढूनच टाका, केवळ विजेची गाडी घ्या. म्हणजे तार जोडल्यावांचून गत्यंतरच राहणार नाहीं. हा सूर्याजीचा उपाय आहे. १६७० सालीं कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे मागें फिरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें परतीचे दोर कापून टाकले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ज्याच्यानें रोजचा निश्चय होत नाहीं त्यानें एकदांच निश्चय करून दोर कापावा, यांत मोठें व्यवहारज्ञान आहे. परंतु गृहस्थाचा संसार म्हणजे गडावरची चढाई नव्हे. घरांत म्हातारी माणसें असतात, अपरात्रीं दूर जावें लागतें, आणि वाटेंत चार्जर मिळेलच अशी सर्वत्र खात्री नसते. अशा मनुष्यानें एक दोर राखून ठेवला तर त्यास भित्रा म्हणतां येत नाहीं. दोर असणें हा दोष नव्हे; रोज सकाळीं त्याच दोरानें खालीं उतरणें हा दोष. पण हा भेद राखण्याचें काम यंत्र आपल्यासाठीं करीत नाहीं. केवळ पेट्रोलची गाडी मालकाला कांहींच विचारीत नाहीं, आणि केवळ विजेची गाडी त्याला पर्याय ठेवीत नाहीं. ही एकटीच अशी गाडी आहे कीं जी रोज संध्याकाळीं मालकाकडे प्रश्न घेऊन येते, आणि उत्तर न मिळालें तरी दुसऱ्या दिवशीं तक्रार न करतां चालूं लागते.

पुण्यास परत आल्यावर मला माझ्याच घराची आठवण झाली, ती सांगितल्यावांचून हा निबंध पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी तापविण्याचीं सूर्ययंत्रें आहेत, आणि त्यांबद्दल महानगरपालिकेच्या मिळकतकरांत सवलत मिळते. मी तिसऱ्या मजल्यावर राहतों. नळांतून ऊन पाणी येण्यास दोनतीन मिनिटें लागतात. तेवढा धीर नसल्यामुळें मी कित्येक वर्षें सकाळीं विजेचा गीझर लावीत आलों होतों. गच्चीवर ऊन तापत होतें, करांतली सवलत दरवर्षीं घेत होतों, आणि कोळशाची वीज जाळून स्नान करीत होतों. पुतण्याच्या डिकींतल्या पिशवीवर मीं जें व्याख्यान दिलें तें आधीं माझ्या न्हाणीघरांत द्यावयास हवें होतें.

तेव्हां कोणी मला विचारलें कीं रोजच्या वापरास ही गाडी चांगली कीं वाईट, तर मी गाडीविषयीं उत्तर न देतां तीन प्रश्न विचारीन. रात्रीं गाडी कोठें उभी राहते, व तेथें वीज आहे काय? रोजचें अंतर बॅटरीच्या धांवेंत, हिवाळ्यांतही, बसतें काय? आणि पेट्रोलचे व विजेचे पैसे एकाच खिशांतून जातात काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तर गाडी उत्तम आहे, आणि पहिले दोन महिने कोणीतरी संध्याकाळची आठवण करून दिली तर पुढें हात आपोआप तारेकडे जाईल. एकाचें जरी नकारार्थी असेल तर साधी हायब्रिड घ्यावी. ती निदान करीन म्हणून सांगितलेलें न करण्याचें पाप तरी करीत नाहीं. आणि गाड्यांवर सवलती देणाऱ्यांस एवढीच विनंति कीं बक्षीस गाडी घेतल्याबद्दल देऊं नये, जोडलेल्या तारेबद्दल द्यावें. मापकें गाडीच्या पोटांत आहेतच.

मागील महिन्यांत पुतण्याचा फोन आला होता. त्यानें कचेरीशीं बोलून घरच्या विजेचे पैसे मिळण्याची व्यवस्था करून घेतली आहे. "आतां रोज जोडतोस ना?" असें मीं विचारलें. "आठवड्यांतून चार दिवस तरी," तो म्हणाला, आणि मग त्यानें विचारलें, "काका, तुमचा गीझर?" मी म्हटलें, चार दिवस तरी बंद असतो.