यादीतला वैद्य

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त चांगल्या रोग्याची चार लक्षणे सांगितली आहेत. त्याने वैद्याचे ऐकावे, दुखणे नीट सांगावे, धीर धरावा, ही तीन कोणालाही पटतील. यादीत सर्वांत आधी मात्र निराळेच लक्षण येते: रोगी पैसेवाला असावा. चरकाच्या यादीत त्या जागी स्मरणशक्ती आहे. म्हणून चरकाला फार उदार समजायचेही कारण नाही. कोणाच्या उपचाराला हात घालू नये हे तो आपल्या संहितेच्या विमानस्थान या भागात सांगतो, आणि तिथे निर्धन माणूस आहे, सेवेला कोणी नसलेलाही आहे.

वाशीम जिल्ह्यात हाच विषय रोज निघतो, फक्त भाषा दवाखान्याची असते: “तुमच्याकडे कार्ड चालते का जी?”

कार्ड म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे किंवा ‘आयुष्मान भारत’चे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला फुल्यांचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर १४ संकटग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही तिच्यात घेतले गेले. वाशीम त्या १४ पैकी एक. २०२३ मध्ये सरकारने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचे संरक्षण द्यायचे ठरवले. वाग्भटाची अट सरकारने अशी परस्पर पुरी केली. मानोरा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरीही कागदावर का होईना, सधन रोगी झाला.

हा पैसा खिशात नसतो, ‘अंगीकृत’ म्हणजे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात असतो. तेही सगळ्या आजारांसाठी नाही. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी यादीत असते, हृदयासाठी नसते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. साधा ताप दाखवून घरी परतणाऱ्याला योजनेचा उपयोग नाही, तिथे भरतीच व्हावे लागते. दाराशी टेबल मांडून आरोग्यमित्र बसलेला असतो. तो शिधापत्रिका बघतो, आधार बघतो, दोन्हींवरच्या नावाची वेलांटी जुळते का ते बघतो, मग पूर्वपरवानगीसाठी कागद वर पाठवतो. बरोबर आलेला मुलगा तोवर झेरॉक्सचे दुकान शोधून येतो. वाशीमला सोय नसली तर अकोला, तिथे नाही तर नागपूर किंवा सेवाग्राम. परतीचे भाडे योजनेत धरलेले असते, पण सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी कोणी धरत नाही.

यादी हवीच कशाला, असे म्हणणे सोपे आहे. ती नसती तर कोणीही काहीही बिल लावले असते आणि पैसा वर्षाच्या आधीच संपला असता. शिवाय निवड करण्याची खोड विमा कंपन्यांनी आणलेली नाही. सुश्रुताने दरिद्री, अनाथ, संन्यासी, शरण आलेला यांना आपल्या नातलगांसारखे मानून पदरच्या औषधाने बरे करायला सांगितले. त्याच दमात व्याध आणि पक्षी धरणाऱ्यांवर उपचार करू नयेत, असेही सांगितले. वऱ्हाडातला फासेपारधी त्या दारातून सरळ परत गेला असता. फुले योजनेत तो आत आहे, कागद असले तर. हा फरक लहान नाही.

दानाचा रस्ताही या जिल्ह्याला अपरिचित नाही. कारंजा लाड हे दिगंबर जैन भट्टारकांच्या गाद्यांचे गाव. आहार, शास्त्र आणि अभय यांच्या जोडीला औषध हेही दान, असे ही परंपरा मानते. पण दानात देणारा कोणाला द्यायचे ते पारखतो आणि घेणारा मान खाली घालतो. हक्काने ही मान वर आली. माझ्या मते योजनेचे खरे पुण्य इथे आहे, रकमेच्या आकड्यात नाही.

गडबड पुढेच आहे. सुश्रुताचा वैद्य ‘नाही’ म्हणत असे तेव्हा ते पाप त्याचे होते, त्याच्या तोंडावर बोट ठेवता येत होते. आज ‘नाही’ कोण म्हणतो? डॉक्टर म्हणतो, माझी तयारी आहे, परवानगी आली नाही. आरोग्यमित्र म्हणतो, संगणक घेत नाही. विमा कंपनी करारातले कलम दाखवते. ज्याचा हक्क आहे तो समोर उभा आहे आणि ज्याचे कर्तव्य आहे तो मात्र सापडत नाही.

जिवावर बेतले तर कायदा हा घोळ चालू देत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवायला आधी धावले पाहिजे. पण झिजलेला खुबा, पित्ताशयातला खडा, वर्षानुवर्षे उरावर घेतलेला हर्निया, यांना तातडी नसते. तिथे रोगी पुन्हा यादीपाशी येतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी चरक शपथेची शिफारस केली होती. मूळ चरकसंहितेत शिष्याकडून जे वचन घेतले जाते, त्यात राजाच्या मर्जीतून उतरलेल्यांना औषध देऊ नये, असेही एक कलम आहे.