पुण्य आपलं, पोट घोड्याचं

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी भाजलेल्या कणसांच्या गाड्या आणि भाड्याचे घोडे एकमेकांना खेटूनच उभे असतात. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. फेरी मारून झाली की लोक उरलेलं अर्धं कणीस घोड्यापुढे धरतात, लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडूनही भरवतात आणि त्याला सांगतात, मुक्या जनावराच्या तोंडी घास घालावा, देवाला आवडतं. त्या आईबापांच्या मनात वाईट काहीच नसतं. मी वाईला पशुवैद्य आहे. इथून वर पाचगणी-महाबळेश्वरपर्यंतची घोडी बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्या सगळ्या काळात एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. घालणाऱ्याचा भाव शुद्ध, पण घास घेणाऱ्याला बाधला, तर ते दान झालं का?

प्रश्न पुस्तकी वाटेल. माझ्यापुढे तो पाचगणीच्या एका तबेल्यात उभा राहिला.

दसऱ्याला आमच्याकडे घोड्यांची पूजा होते. घोडेवाले पहाटे घोडी धुतात, खरारा करतात, कपाळी हळदकुंकू लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. त्या वर्षी एका कुटुंबाने नवस फेडायचा म्हणून टेबललँडवरच्या घोडेवाल्यांना मक्याच्या भरड्याची पोती वाटली. माल चांगला होता, कोरडा, पिवळाधमक. एक घोडेवाला रोज ज्या डब्याने गव्हाचा कोंडा मोजायचा त्याच डब्याने त्याने मका मोजून तोबरा भरला आणि सणाचा दिवस म्हणून संध्याकाळी पुन्हा भरला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मॅडम, घोडी पाय उचलंना."

मी गेले तेव्हा घोडी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन टाचांवर उभी होती. ही ढब दुरूनही ओळखू येते. खुरावर तळवा ठेवला तर खूर गरम. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट टेकवलं तर नाडी बोटावर आदळत होती. तिला वळवायला गेलो तशी ती सगळ्या अंगाने थरथरली. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरची नखाची भिंत यांना जोडून धरणारे नाजूक पापुद्रे असतात, ते सुजले होते. याला लॅमिनायटिस म्हणतात. तो वाढला तर पापुद्रे सुटतात, हाड खाली फिरतं आणि तळव्यातून बाहेरही येऊ शकतं. आम्ही तिचे खूर बर्फाच्या पाण्यात ठेवले, मका बंद केला, वेदना कमी करणारं औषध दिलं, पायाखाली भुशाचा जाड थर केला. ती वाचली, पण स्वारीचं काम तिला पुन्हा झेपलं नाही. मालक मला सारखा एकच विचारत होता, "मॅडम, मी तिला वाईट ते काय घातलं? पोरांच्या आधी तिला घातलं." तो खरं बोलत होता.

आत काय घडलं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय धर्माच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. घोड्याचं शरीर गवतासाठी घडलेलं आहे. मोकळा सोडला तर तो दिवसाचे 15-16 तास थोडं थोडं चरत राहतो. एवढ्या मोठ्या देहात जठर मात्र 8 ते 15 लिटरचं. त्याला उलटी होत नाही, आत गेलेलं पुढेच जातं. धान्यातलं पिष्ट लहान आतड्यात पचायला हवं, पण ते पचवणारा रस घोड्याकडे बेताचाच असतो. मक्यात पिष्ट 70 टक्क्यांच्या आसपास, ओटमध्ये बरंच कमी. त्यात मक्याच्या पिष्टाचे कण घट्ट असतात. अख्खा किंवा नुसता भरडलेला मका घातला तर लहान आतड्यात त्यातलं जेमतेम 30 टक्के पिष्ट पचतं. ओटमधलं 80 टक्क्यांच्या वर पचतं. लाहीसारखा फुलवलेला मका 90 टक्क्यांपर्यंत जातो, पण तो आमच्या घोडेवाल्याला परवडणारा नाही.

न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे गवताचे तंतू आंबवून त्यातून घोड्याला ताकद काढून देणारे अब्जावधी जिवाणू राहतात. घोडा त्यांच्या जिवावर जगतो. पिष्टाचा लोंढा आला की आम्ल करणारे जिवाणू माजतात, तंतू पचवणारे मरतात, मेलेल्यांची विषं रक्तात उतरतात. मग कुणाच्या पोटात शूळ उठतो, कुणाचे पाय जातात. एका वेळच्या चंदीत घोड्याच्या दर किलो वजनामागे 2 ग्रॅमच्या वर पिष्ट जाऊ नये असा आमचा नियम. अलीकडे 1 ग्रॅमवरच थांबावं असं सांगतात. आमच्या घाटावरची घोडी 300 किलोच्या आसपास भरते. म्हणजे जास्तीत जास्त 600 ग्रॅम पिष्ट, म्हणजे किलोभरही मका नाही. आणि ज्या डब्यात हलका कोंडा बसतो त्यात वजनाने दुपटीहून जास्त मका बसतो.

माझे वडील वारकरी. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, देव भावाचा भुकेला."

मी म्हटलं, "आण्णा, देव असेल भावाचा भुकेला. घोडा गवताचा भुकेला आहे."

ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी संत एकनाथांची गोष्ट काढली. काशीहून रामेश्वराकडे निघालेली गंगेची कावड, वाटेत वाळूत तडफडणारं गाढव आणि नाथांनी त्याच्या तोंडी ओतलेलं ते पाणी. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो ती सर्वाभूती परमेश्वर आहे हे पटवण्यासाठी. मला त्यात आता आणखी एक गोष्ट दिसते. नाथांनी आधी गाढवाकडे बघितलं. त्याला तहान लागली होती आणि नाथांनी त्याला पाणी दिलं. ते पाणी गंगेचं होतं ही नाथांची थोरवी. पण गाढव वाचलं ते पाणी होतं म्हणून. गाढव घोड्याच्याच कुळातलं, आतडंही तसंच. त्याच्या तोंडी त्या वेळी कुणी भक्तिभावाने ओंजळभर धान्य कोंबलं असतं तर ती गोष्ट आज कुणी सांगितली नसती.

दान घेणाऱ्याकडे बघून करावं, या मताच्या विरोधात जाणारी एक मोठी गोष्ट बौद्ध परंपरेत आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. चुंद लोहाराने बुद्धांना जेवण दिलं. ते त्यांचं शेवटचं जेवण ठरलं. त्यानंतर ते फार आजारी पडले. तरीही बुद्धांनी शिष्य आनंदाला बजावलं की चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू देऊ नये, ते दान मोठ्या पुण्याचं आहे. म्हणजे भाव शुद्ध असेल तर परिणाम कसाही झाला तरी दान दानच राहतं, असं इथे साक्षात तथागत सांगतात.

मी या कथेवर फार विचार केला आहे. त्याच कथेत एक बारीक तपशील आहे. तो विशिष्ट पदार्थ फक्त मलाच वाढ, भिक्षूंना दुसरं वाढ आणि उरलेलं पुरून टाक, असं बुद्धांनी चुंदाला आधीच सांगितलं होतं. घेणाऱ्याला कळत होतं आणि कळून त्याने घेतलं. दुसऱ्या कुणाच्या पोटात ते जाऊ नये याची काळजीही घेणाऱ्यानेच वाहिली. चुंदाला क्षमा मिळाली ती अशा घेणाऱ्याकडून, जो बोलू शकत होता, नाकारू शकत होता. घोडा यातलं काही करू शकत नाही. तोबरा तोंडाला बांधला की तो तळापर्यंत खाणार. गोड धान्यापुढे थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. म्हणून जी काळजी त्या कथेत बुद्धांनी वाहिली, ती घोड्याच्या बाबतीत देणाऱ्याने वाहायला हवी. आणि ती वाहायची तर आधी घोडा माहीत हवा.

जैनांनी हे फार पूर्वीच स्वच्छ मांडलं आहे. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात ज्ञानाला दयेच्या आधीचं स्थान दिलं आहे. जीव कशाने दुखावतो हेच ज्याला ठाऊक नाही तो दया पाळणार कशी, असा त्यामागचा विचार. मी जन्माने जैन नाही, पण तबेल्यात काम करताना मला यापेक्षा खरं वचन भेटलेलं नाही.

घोडेवाल्यांशी बोलताना मी यातलं काही काढत नाही. त्यांना मी शिवाजी महाराजांचं पत्र सांगते. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं ते पत्र पुष्कळांना ठाऊक आहे ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या ताकिदीसाठी. पण त्याची सुरुवात घोड्यांच्या दाण्या-वैरणीपासून होते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसं उडवलंत तर पुढे पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्यातला इशारा आहे. त्या छावणीतल्या कुणाला घोडं मारायचं नव्हतं. उलट पुढ्यात आहे ते भरभरून घालायचं, एवढंच त्यांच्या मनात असणार. तरी महाराज दोष त्यांच्याच पदरात घालतात, कारण दाण्याची कोठी ज्याच्या हाती, हिशेब त्याने ठेवायचा. मला हे पत्र कुठल्याही धर्मग्रंथाइतकं थोर वाटतं.

कधी कधी एखादा म्हातारा घोडेवाला म्हणतो, "दाणा देवानंच जनावरासाठी केलाय की." त्यावर मी त्याला मक्याची आणि घोड्याची जन्मकथा सांगते, आणि ती सांगताना दर वेळी मला स्वतःलाच नवल वाटतं. दोघांचं मूळ अमेरिका खंडात. घोड्याचं कूळ उत्तर अमेरिकेत कोट्यवधी वर्षं वाढलं आणि सुमारे 10,000 वर्षांपूर्वी तिथून पार नाहीसं झालं. मका त्यानंतरचा. मेक्सिकोतल्या माणसांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून निवडून निवडून तो सुमारे 9,000 वर्षांपूर्वी घडवायला घेतला. एकाच भूमीतले हे दोघे एकमेकांना चुकले. 1493 मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत घोडे नेले, तेव्हा कुठे घोड्याने मक्याच्या मुलखात पुन्हा पाऊल ठेवलं. आपल्याकडे मका आला तो त्याही नंतर, बहुधा पोर्तुगीजांच्या गलबतांतून. घोड्याच्या आतड्याची गवताशी ओळख लाखो वर्षांची आणि मक्याशी पाचशेची. ही गाठ माणसाने घातली आहे, तेव्हा ती निभावण्याची जबाबदारीही माणसाची.

मका विष नाही, हे मी आवर्जून सांगते. ज्या घोड्याला दिवसभर घाम गाळायचा आहे, त्याला गवताच्या जोडीला थोडा मका दिला तर ताकद येते. रोज वजनाच्या दीड टक्का तरी वाळलं गवत पोटात जायला हवं आणि मका त्यावर, वजन करून, दोन-तीन वेळांत वाटून. हरभऱ्याच्या भावापुढे मका स्वस्त पडतो म्हणून गरीब माणूस तो घेतो, यात त्याचं काही चुकत नाही. पण नुसत्या मक्यावर घोडा उभा राहत नाही, कारण त्यात चुना फारच कमी. आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी कमी करायची असते. नेमक्या त्याच दिवशी, सणाला किंवा पावसाळ्यात घोडा रिकामा उभा असताना, माया उतू जाते.

बुरशी हा त्याहून मोठा धोका. आमच्याकडे पावसाचे चार महिने भिंतींना पाणी सुटतं. मक्यावर फ्युजेरियम जातीची बुरशी असली की तिच्यातलं फ्युमोनिसिन हे विष घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः वितळवतं. घोडा आंधळा होतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो आणि मरतो. त्यावर औषध नाही. गाय तोच मका बऱ्याच अंशी सोसते. म्हणून "गुरांना चालतो, घोड्याला का नाही" असं म्हणत काळवंडलेलं पोतं तबेल्यात येतं. माणसाच्या ताटातून उतरलेलं अन्न जनावराला घालण्यातही पुण्य आहे ही समजूत इथे जीव घेते.

तेव्हा त्या पहिल्या प्रश्नावर माझं मत सांगते. मका वाटणाऱ्या त्या कुटुंबाला पाप लागलं असं मी म्हणणार नाही, ती भाषा माझी नाही. पण ते दान पुरं झालं असंही मी मानत नाही. घोड्याला काय पचतं हे घोडेवाल्याला किंवा वैद्याला विचारणं, हा त्या दानाचाच अर्धा भाग होता आणि तो करायचा राहिला. समोरचा जीव मुका असतो तेव्हा हे विचारणं हीच भक्ती, असं आता आण्णाही म्हणतात.

वेण्णा तलावावर गेलात तर कणीस तुम्ही खा आणि पोरांनाही द्या. अर्ध्या कणसाचा कठीण बुरकुंडा घोड्याच्या घशात अडकतो, त्याच्यापुढे तो धरू नका. पुण्य करायची इच्छा असेल तर घोडेवाल्याला वाळल्या गवताच्या एका भाऱ्याचे पैसे द्या, आणि घोड्याला पाणी कधी पाजलं ते विचारा.